शब्दचर्चा : चीक उतणे, वावडे आणि लॅटेक्स

प्रश्न (दोडामार्ग) :
आमच्या बाजूला रबराच्या बागा आहेत. चीक काढणाऱ्या कामगारांसाठी आणि दवाखान्यातल्या नर्सताईंसाठी लॅटेक्स म्हणजे रबराच्या चिकाच्या ॲलर्जीवर मराठीत माहितीपत्रक लिहितेय. उंदरांवरच्या प्रयोगांपाशी अडलेय. ‘ॲलर्जी’साठी आपलं ‘उतणे’ चालेल का? बिब्बा उतला, काजू उतला, म्हणजे त्याचं तेल लागून कातडीवर पुरळ-फोड उठले, हे इथे सगळ्यांना कळतं. ‘ॲनिमल मॉडेल’ला ‘प्राणी-नमुना’ लिहू? आणि श्वासनलिकेतल्या ‘इन्फ्लमेशन’ला काय म्हणू?

उत्तर (वेंगुर्ला) :
ताई, इथे ‘उतणे’ नको. काजूच्या टरफलातलं तेल कातडीच भाजून काढतं. काजू फोडणाऱ्या बायकांची बोटं पाहा, काळी पडून सालपटं निघालेली असतात. राख किंवा तेल न लावता बसलं तर ते कुणालाही उतेल. रबराच्या चिकाचं तसं नाही. त्यातल्या काही प्रथिनांविरुद्ध एखाद्याचं शरीर आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार करतं. तोच हातमोजा सगळ्याजणी घालतात, पण शिंका, गांधी, धाप एखादीलाच. याला आपल्याकडे नेमका शब्द आहे : वावडं. अशा काहींना केळं, पपईसुद्धा सोसत नाही, कारण त्या फळांतली काही प्रथिनं रबराच्या प्रथिनांसारखी असतात. ‘केळ्याचं वावडं’ आपण म्हणतोच, मग ‘रबराच्या चिकाचं वावडं’ का नको?

उत्तर (रत्नागिरी) :
वावड्याला माझंही मत. ते पहिल्याच भेटीत होत नाही, आधी शरीर त्या प्रथिनाला ओळखायला शिकतं. या पायरीला परिभाषेत ‘संवेदनीकरण’ म्हणतात. पत्रकात तो शब्द कुणी वाचणार नाही. ‘वावडं जडणं’ लिहा. खोड जडते, व्याधी जडते, तसंच.

प्रयोगात नेमकं हेच करतात. बाल्ब-सी जातीच्या पांढऱ्या उंदरांना रबराची प्रथिनं नाकावाटे, श्वासनलिकेत, कातडीवर किंवा टोचून पुन्हा पुन्हा देतात आणि रक्तातलं आयजीई वाढतं का ते पाहतात. मग तीच प्रथिनं श्वासातून देतात. श्वासनळ्या आवळणारं मेथाकोलिन हे औषध हुंगवून त्या नळ्या किती आवळतात ते मोजतात, फुप्फुस खाऱ्या पाण्याने धुऊन त्या पाण्यातल्या इओसिनोफिल (वावड्यात वाढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) मोजतात. वावडं कातडीवाटेही जडू शकतं, हे अशा प्रयोगांनी दाखवलं. हातमोजे घालणाऱ्यांसाठी माझ्या मते हीच सगळ्यात मोठी गोष्ट, ती पत्रकात ठळक छापा.

‘नमुना’ मात्र नको. दवाखान्यात नमुना म्हणजे रक्ताचा, थुंकीचा. ‘प्रतिमान’ बरोबर आहे, पण पत्रकाला जड. ‘उंदरांमध्ये हा आजार मुद्दाम उभा करून अभ्यासतात’ एवढं पुरे. ‘मुद्दाम’ गाळू नका, कारण उंदराला माणसासारखा दमा आपोआप होत नाही. त्याच्यावर दिसलं ते माणसावर तसंच्या तसं लागू पडत नाही.

‘श्वासनलिकादाह’ टाळा, तो ब्राँकायटिससाठी वापरला जातो. ‘श्वासमार्गाला सूज’ लिहा.

उत्तर (कुडाळ) :
एक भर. बिब्ब्याचं तेल आणि काजूचं तेल यांचंही वावडं जडतं, फक्त ते आयजीईच्या वाटेने नव्हे तर पेशींच्या वाटेने, म्हणून पुरळ दिवस-दोन दिवसांनी उठतं. रबरी हातमोज्यातल्या थायुरामसारख्या रसायनांचंही तसंच. त्यामुळे पत्रकात दोन वेगळे परिच्छेद करा. हातांना दुसऱ्या दिवशी खाज आणि भेगा, त्याला ‘हातमोजा उतला’ खुशाल म्हणा, ते इथल्या माणसाला पटकन कळेल. पण हातमोजा चढवल्यावर मिनिटांत शिंका, अंगावर गांधी, छातीत घरघर झाली, तर ते चिकाचं वावडं. ते जिवावर बेतू शकतं, तिथे ‘उतणे’ लिहिलंत तर बाई खोबरेल लावून घरी बसेल.

आणि पावडरीचंही लिहा. मक्याच्या पिठाची ती पावडर प्रथिनं धरून ठेवते आणि हातमोजा ओढून काढताना हवेत उडते, म्हणजे शेजारी उभी असलेलीच्याही नाकात. अमेरिकेने जानेवारी २०१७ पासून पावडरीच्या वैद्यकीय हातमोज्यांवर बंदी घातली आहे. वावडं असलेल्यांनी नायट्राइलचे (झाडाच्या चिकाऐवजी कृत्रिम रबराचे) हातमोजे मागावेत.