दिवाळीत काकाडू-उलुरू? जरा थांबा

दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन ऑस्ट्रेलियातल्या काकाडू (उत्तरेकडचं पाणथळींचं राष्ट्रीय उद्यान) आणि उलुरू (मध्यभागी वाळवंटातला प्रचंड खडक) यांची ग्रुप टूर करावी, असं काही जण सुचवतात. पक्षी बघायचे असतील तर ठीक. ऑक्टोबरपर्यंत काकाडूतलं पाणी आटत येतं आणि उरलेल्या पाणथळीत, विशेषतः ममुकालाला, मॅग्पाय गीझ या काळ्या-पांढऱ्या पाणपक्ष्यांची तोबा गर्दी होते. पण काकाडू आणि जवळच्या डार्विन शहराकडे तेव्हा पावसाआधीचा असा दमट उकाडा असतो की मुंबईचा ऑक्टोबर बरा म्हणावा.

असं सुचवताना कोणी न सांगितलेला मुद्दा उलुरूकडच्या वाळवंटाचा. उलुरूजवळच्या काटा त्जुटा या खडकाळ डोंगरांमधल्या व्हॅली ऑफ द विंड्स या पायवाटेवर तापमानाचा अंदाज ३६ अंश किंवा त्याहून जास्त असला की कारू लुकआउटच्या पुढची वाट सकाळी ११ला बंद करतात. नोव्हेंबरात असे दिवस सर्रास येतात. ग्रुपमधले दोघं-तिघं नाश्त्याला रेंगाळले की सगळ्यांनाच अर्ध्यावरून परत. (उलुरूवर चढणं तर २६ ऑक्टोबर २०१९पासून कायमचं बंद आहे.) मला विचाराल तर मेअखेर किंवा जून. फक्त बॅगेत काकाडूसाठी सुती कपडे आणि डासांचं मलम, तर उलुरूच्या रात्रींसाठी स्वेटर-कानटोपी हवी; पारा शून्याजवळ जातो. काकाडूतल्या जिम जिम धबधब्याचा कच्चा रस्ता मात्र तेव्हा उघडलेला असेलच असं नाही, बुकिंगआधी विचारून घ्या.