बेळगावात बाबांसाठी वापरलेली मॅन्युअल सेडान : कोल्हापूरची स्वस्त गाडी घ्यावी का?

प्रेषक : शहापूर, बेळगाव, सध्या मस्कत

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

माझे आईबाबा बेळगावात शहापूरला राहतात. बाबा सदुसष्ट वर्षांचे आहेत आणि गेली चाळीस वर्षे गिअरचीच गाडी चालवत आले आहेत. ऑटोमॅटिकचा विषय काढला की "मग डाव्या पायाने करायचे काय?" असे विचारून ते तो तिथेच मिटवतात. त्यांची जुनी गाडी आता थकली असल्यामुळे पाच लाखांच्या आत एखादी वापरलेली सेडान घ्यावी असे आमचे ठरते आहे. महिन्यातून एकदा कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला, वर्षातून दोन-तीनदा चोर्ला घाटातून गोव्याला आणि एरवी गावातल्या गावात, असा त्यांचा वापर आहे.

कोल्हापूरच्या एका विक्रेत्याकडे २०१७ सालची पेट्रोलची एक गाडी, एमएच-०९ पाटीची, बेळगावातल्या तशाच गाडीपेक्षा पाऊण लाखाने स्वस्त मिळते आहे. पुढच्या महिन्यात मी दहा दिवसांच्या सुट्टीवर येत आहे. तेवढ्या दिवसांत काय पाहावे आणि हा पाऊण लाखाचा फायदा खरा मानावा का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.


प्रेषक : टिळकवाडी, बेळगाव, सध्या बहारीन

सप्रेम नमस्कार.

परदेशी येण्यापूर्वी मी उद्यमबागेतल्या एका मशीनशॉपमध्ये काम करत होतो आणि आजही वर्षातून दोन महिने टिळकवाडीच्या घरी असतो, तेव्हा थोडे अधिकाराने लिहितो.

आधी पाऊण लाखाचा हिशेब. मोटार वाहन कायद्याच्या ४७ व्या कलमानुसार दुसऱ्या राज्यात नोंदलेली गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ एखाद्या राज्यात राहणार असेल, तर तिला त्या राज्याचा नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. बाबांची गाडी कायम शहापुरातच उभी राहणार असल्यामुळे ही गोष्ट टळणारी नाही. त्यासाठी कोल्हापूरच्या आर.टी.ओ.कडून २८ क्रमांकाच्या फॉर्मवर ना हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागते. चलन थकलेले असेल किंवा बँकेचा बोजा उतरलेला नसेल, तर ते प्रमाणपत्र अडते. त्यानंतर बेळगावात कर्नाटकाचा आजीवन कर भरावा लागतो. देशातल्या चढ्या वाहनकरांमध्ये त्याची गणना होते आणि तो तुम्ही दिलेल्या पैशांवर आकारला जात नाही. गाडीची मूळ किंमत आणि तिचे वय धरून त्याची आकारणी होते. जुनी गाडी स्वस्तात मिळाली म्हणून कर स्वस्त होत नाही, हे पुष्कळांच्या पावती हातात पडल्यावरच लक्षात येते. महाराष्ट्रात भरलेल्या कराच्या उरलेल्या मुदतीचा परतावा मागता येतो, परंतु त्यासाठी कोल्हापूरच्या फेऱ्या कोण मारणार? एजंटाचे पैसे आणि नव्या नंबरप्लेटचा खर्च धरला, तर तुमच्या पाऊण लाखातले फारसे काही शिल्लक राहील असे मला वाटत नाही. सीमाभागातल्या मराठी माणसाला एमएच पाटीचे अप्रूप असते आणि मलाही ते आहे, पण आर.टी.ओ.च्या खिडकीवर त्या अप्रुपाची सवलत मिळत नाही.

दुसरी गोष्ट माझ्या अंगावर बेतलेली आहे. २०२२ साली मी कोल्हापूर भागातूनच एका विक्रेत्याकडून अशीच एक सेडान घेतली होती. रंग चकचकीत, आतून शाम्पूचा वास, फक्त ४१,००० किलोमीटर धावलेली. पहिल्या पावसाळ्यात तिची दारे आपोआप उघडू लागली, मग मागच्या काचा बंद पडल्या. वायरिंगवाल्याने दाराच्या उंबऱ्याची पट्टी काढून गालिचा उचलला, तेव्हा खाली वाळलेला गाळ होता, पापडासारखा भेगाळलेला. २०२१ च्या जुलैत पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आले होते आणि रस्ता बंद पडला होता, हे तुम्हाला आठवत असेल. माझी गाडी त्या वेळी कुठे उभी होती, हे त्या गाळाने सांगितले. विक्रेत्याने सांगितले नव्हते.

म्हणून गाडी पाहायला जाल तेव्हा सगळ्यात आधी चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. धुणारा माणूस बाहेर दिसणारा पट्टा धुतो. आत गुंडाळलेला भाग तसाच राहतो आणि त्यावर पाण्याची आडवी मळकट रेघ दिसते. मग पुढच्या सीटखालच्या रुळांवर गंज आहे का ते बोट फिरवून पाहा. डिकीतली स्टेपनी उचलून तिच्या खालचा पत्रा पाहा. तिथे माती किंवा नव्याने मारलेला काळा रंग दिसला, तर निरोप घ्या. कारखान्यातून आलेले वेल्डिंगचे ठिपके तिथे सारख्या अंतरावर असतात. ते बुजलेले असतील तर गाडीला मागून मार बसलेला आहे. बॉनेटच्या बिजागरीच्या बोल्टांवरचा रंग उडालेला असेल तर बॉनेट खोलले गेले होते. टायरच्या कडेला चार आकडे असतात, उदाहरणार्थ २३१७, म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा. चाळीस हजार किलोमीटर धावल्याचे सांगितलेल्या गाडीचे चारही टायर दुसऱ्यांदा बदललेले दिसले, तर मीटरवर विश्वास ठेवू नका. अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून गाडीच्या क्रमांकावर सर्व्हिसची नोंद काढून घ्या. मीटर मागे फिरवणारा माणूस त्या नोंदी फिरवायला विसरतो.

आता मॅन्युअल गाडीचा प्राण, म्हणजे क्लच आणि गिअरबॉक्स. पेडल किती वर आल्यावर गाडी उचलते एवढे पाहून लोक निर्णय देतात. केबलच्या क्लचमध्ये त्याला थोडा अर्थ आहे. हायड्रॉलिक क्लच मात्र झीज आपोआप भरून काढत असल्यामुळे झिजलेली क्लच प्लेटसुद्धा जागच्या जागी पकडल्यासारखी वाटते. खरी परीक्षा चढावर होते. बेळगावहून निपाणीच्या दिशेने निघा आणि वंटमुरीच्या घाटात चौथ्या गिअरमध्ये, ताशी ५० च्या वेगाला, ॲक्सिलरेटर दाबा. इंजिनाचा आवाज वाढला आणि गाडी मात्र त्याच वेगाने चालत राहिली, तर प्लेट घसरते आहे. सोबत जळकट वास आला तर शंकेला जागाच उरत नाही. पहिल्या गिअरमध्ये निघताना गाडी थरथरली, तर प्लेटवर तेल आले असेल किंवा फ्लायव्हील, म्हणजे प्लेट जिच्यावर दाबली जाते ती इंजिनाची जड चकती, खराब झाली असेल. न्यूट्रलमध्ये उभ्या गाडीचा घरघर आवाज क्लच दाबल्यावर थांबत असेल, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे, म्हणजे इंजिनाची गती आत नेणाऱ्या दांड्याचे, बेअरिंग संशयास्पद आहे. उलट क्लच दाबल्यावरच आवाज येत असेल तर रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारे बेअरिंग, गेले आहे. पहिल्या दुखण्यासाठी गिअरबॉक्स खोलावा लागतो, दुसऱ्यासाठी तो नुसता उतरवावा लागतो; खर्चातला फरक तुम्हाला कळला असेलच. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना करकर झाली तर सिंक्रो, म्हणजे दात जुळवून गिअर अलगद बसवणारा भाग, झिजलेला आहे. रिव्हर्स टाकताना एखाद्या वेळी होणाऱ्या खर्रर्र आवाजाला मात्र घाबरू नका. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसतो, क्लच दाबून दोन-तीन सेकंद थांबायचे असते.

डिझेलच्या नादी लागू नका. महिन्याला पाच-सहाशे किलोमीटरच्या वापरात त्याचा जास्तीचा खर्च भरून निघत नाही.


प्रेषक : निपाणी, सध्या दोहा

नमस्कार. वरील पत्र उत्तम आहे, फक्त एक दुरुस्ती सुचवतो. पुराचा गाळ पाटी पाहून गाडीत शिरत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये चिक्कोडी आणि गोकाक भागांतही पाणी शिरले होते, तेव्हा केए-२३ किंवा केए-४९ पाटी दिसली म्हणून सीटबेल्ट ओढायचा राहू नये. माझ्या चुलत्यांनी कोल्हापुरातून घेतलेली गाडी सात वर्षे बिनतक्रार चालली आहे, हेही नोंदवून ठेवतो.


प्रेषक : शहापूर, बेळगाव, सध्या बेळगावातच

काका, सप्रेम नमस्कार, आणि निपाणीकरांचेही आभार.

कोल्हापूरची गाडी आम्ही सोडून दिली. अनगोळमध्ये एका निवृत्त प्राध्यापकांची २०१८ सालची केए-२२ पाटीची सेडान पाहिली. पहिलाच मालक, ५६,००० किलोमीटर, सर्व्हिसच्या सगळ्या पावत्या एका फाइलमध्ये तारखेवार लावलेल्या. सीटबेल्ट स्वच्छ, डिकी स्वच्छ. परंतु काल वंटमुरीला आपण सांगितल्याप्रमाणे चौथ्यात ॲक्सिलरेटर दाबला, तर इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारा काटा ३,००० वरून वर सरकत गेला आणि वेग जिथल्या तिथे राहिला. बाबा म्हणतात, "एवढ्यासाठी चांगल्या घरातली गाडी सोडू नये." गाडी घ्यावी का, आणि घेतल्यास क्लचचे काम कसे करून घ्यावे?


प्रेषक : टिळकवाडी, बेळगाव, सध्या बहारीन

बाबांचे म्हणणे बरोबर आहे, गाडी घ्या. क्लच प्लेट ही ब्रेक पॅडसारखीच झिजण्यासाठी बनवलेली वस्तू आहे आणि गावात चालणाऱ्या गाडीची प्लेट इतक्या किलोमीटरला संपणे यात नवल नाही. तुम्हाला दोष सापडला आहे, तेव्हा दोन गॅरेजमधून पूर्ण क्लच सेटचा मजुरीसह अंदाज लिहून घ्या आणि तेवढी रक्कम किमतीतून वजा करण्याची विनंती करा. पावत्या जपणारा माणूस असे लेखी कागद मान्य करतो, असा माझा अनुभव आहे.

काम करून घेताना काटकसर नको. गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी प्लेटच्या खर्चाच्या तुलनेत मोठी असते, म्हणून एकदा तो खाली आला की प्लेट, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकदम बदलावीत, फ्लायव्हीलचा पृष्ठभाग तपासून घ्यावा आणि क्रँकच्या मागच्या ऑइल सीलमधून तेल पाझरत असेल तर तेही त्याच वेळी बदलावे. गिअर ऑइल पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचेच भरावे; "सगळ्यांना हेच चालते" म्हणणाऱ्या मिस्त्रीला हात जोडावेत. क्लच हायड्रॉलिक असेल तर अनेक गाड्यांत त्याला ब्रेकच्याच डब्यातला द्रव लागतो. तो हवेतला ओलावा शोषतो, आणि आपल्याकडच्या पावसात तर अधिकच, म्हणून दर दोन वर्षांनी तो बदलावा.

बाबांना एक गोष्ट आपण सांगा, माझ्याकडून आलेली म्हणून सांगितली तरी चालेल. टिळकवाडीतल्या दुसऱ्या रेल्वे गेटापाशी गाड्यांची रांग लागते, तेव्हा आपली पिढी पहिला गिअर टाकून, क्लच दाबून, गेट उघडण्याची वाट पाहत बसते. तेवढा वेळ रिलीज बेअरिंगवर ताण राहतो. न्यूट्रल करून पाय खाली ठेवावा. चढावर गाडी हाफ क्लचवर तोलून धरणे हे आपल्या काळी कौशल्य मानले जाई. प्लेट जळते ती त्याच कौशल्याने. हँडब्रेक त्यासाठीच दिलेला आहे.

कागदांचे थोडक्यात : एकाच राज्यातला व्यवहार असल्यामुळे मालकी बदलाचे २९ आणि ३० क्रमांकांचे फॉर्म पुरतात. प्राध्यापकांनी चौदा दिवसांत आणि बाबांनी तीस दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचे असते. विमा चौदा दिवसांच्या आत बाबांच्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा. प्राध्यापकांचा नो-क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, त्यांचाच राहतो, गाडीबरोबर येत नाही, म्हणून हप्ता थोडा वाढेल.

आईबाबा तुमच्याकडे मस्कतला दोन महिने आले, तर गाडीचे काय, हा प्रश्न पुढे येईलच. हँडब्रेक ओढून ठेवू नका, नाहीतर पावसाळ्यात मागचे ब्रेक धरून बसतात. सपाट जागी पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकांना विटा लावा, बॅटरीची ऋण बाजू सोडवून ठेवा. आठवड्यातून एकदा शेजारच्याने बॅटरी जोडून अर्धा तास गाडी फिरवून आणली, तर त्याहून उत्तम. नुसती दारात चालू करून बंद करणे उपयोगाचे नाही. पेट्रोलमध्ये हल्ली आपल्याच भागातल्या उसाचे इथेनॉल असते, ते पाणी शोषते, म्हणून जुने पेट्रोल महिनोन् महिने टाकीत ठेवू नये.

आणि क्लचचे काम झाल्यावर बाबांना जुनी प्लेट मागून घ्यायला सांगा. अस्तर रिव्हेटच्या डोक्यांपर्यंत सारखे झिजलेले दिसले, तर ती वयाने गेली. काळी आणि तेलकट निघाली, तर सील बदलल्याशिवाय गिअरबॉक्स वर चढवू देऊ नका.