कुरिअरचे पैसे आधी मागितले की तो भामटाच. पटतंय का?

विश्रामबागकर
आमच्या सोसायटीतल्या निवृत्त मास्तरांनी फेसबुकवर जुनी स्कूटर बघितली. विकणारा म्हणे लष्करात, बदली झाली म्हणून स्वस्तात देतोय. ओळखपत्र, कॅन्टीन कार्ड, आरसी, सगळ्याचे फोटो व्हॉट्सॲपवर आले. मग गाडी ट्रकमध्ये चढवल्याचा फोटो, आणि "फक्त डिलिव्हरी चार्ज २,१५० पाठवा, बाकीचे गाडी हातात आल्यावर." ते दिले. मग विमा. मग "जीएसटी, परत मिळेल". शेवटी तर "तुम्ही पैसे उशिरा पाठवले म्हणून लेट फी"! गाडी अजून कराडजवळच आहे म्हणे.

माझं मत सरळ आहे. वस्तू दारात यायच्या आधी डिलिव्हरीच्या नावाने जो रुपयाही मागेल त्याला ब्लॉक करायचं. कॅश ऑन डिलिव्हरी नसेल तर खरेदी नाही.

बेदाणा_तासगाव
काका, म्हणजे मी भामटाच की! घरचा बेदाणा इन्स्टाग्रामवर विकतो आणि कुरिअरचे पैसे आधीच घेतो. कॅश ऑन डिलिव्हरी करून बघितली. लोक हौसेने ऑर्डर देतात आणि पार्सल दारात गेलं की "नको" म्हणतात. जातानाचं भाडं माझं, येतानाचंही माझं, वर माल आठवडाभर उन्हातान्हात फिरून आलेला. तुमच्या नियमाने मोठ्या कंपन्या तेवढ्या जगतील.
मी माल आणि कुरिअर धरून एकच आकडा पहिल्या मेसेजला सांगतो. नंतर एक पैसा मागत नाही.

विश्रामबागकर
पहिल्या मेसेजला गोड सगळेच बोलतात. मास्तरांनी ओळखायचं कसं?

ग्राहकपंचायतवाला
दुसऱ्या मागणीवरून. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याने डिलिव्हरीसकट एकूण किंमत आणि तिची फोड दाखवायची असते. २०२३ च्या डार्क पॅटर्नविषयीच्या, म्हणजे ऑनलाइन ग्राहकाला गंडवणाऱ्या युक्त्यांविषयीच्या, मार्गदर्शक सूचनांनी तर किंमत टप्प्याटप्प्याने फुगवत नेणं हीच अनुचित प्रथा ठरवली. भाव ठरल्यावर नवा खर्च निघाला की तिथेच थांबायचं. आणि "परत मिळेल" म्हणाले तर नक्कीच थांबायचं. वाहतुकीचं भाडं कधी परत मिळतं का? ते गाडीवाल्याच्या खिशात गेलेलं असतं.

मिरजकरीण
भामटा काय नियम वाचून धंदा करतो? आणि काका, कॅश ऑन डिलिव्हरीला देव मानू नका. सासूबाईंच्या नावाने कुणीच न मागवलेलं पार्सल आलं. घरच्यांपैकी कुणीतरी मागवलं असेल म्हणून त्यांनी ५९९ दिले. आत जुनेर ओढणी.
शिवाय तो "पत्ता अपूर्ण आहे, पार्सल परत जाईल, २५ रुपये भरा" मेसेज. टपाल खात्याच्या नावानेही फिरतो, केंद्र सरकारच्या माहिती कार्यालयाने, पीआयबीने, तो खोटा असल्याचं जाहीर केलंय. २५ रुपये त्यांना नकोच असतात. त्या लिंकवर कार्डाचा नंबर आणि ओटीपी टाकून घ्यायचा असतो. पार्सल कुठे पोचलं ते कुरिअरच्या स्वतःच्या साइटवर बघायचं, आलेल्या लिंकवर नाही.

गणपतीपेठ
कशाला एवढं बोलालाय? बाजारात जी गाडी साठ हजाराला जाते ती वीसला कोण देतंय? हाव सुटली की माणूस फसतोय. मास्तरांचंच चुकलं.

मिरजकरीण
भाऊ, हाव कसली? पेन्शनीत बसेल अशी गाडी बघितली त्यांनी. असं बोलता म्हणूनच लोक तक्रार न करता गप्प बसतात, आणि तेच भामट्याला हवं असतं.

निवृत्त_बँकवाला
भांडण नंतर करा. मास्तरांनी १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला का? पैसे समोरच्या खात्यातून पुढे सरकायच्या आत कळवलं तर ते तिथेच अडवता येतात, म्हणून इथे तासातासाला किंमत आहे. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर लेखी तक्रारही करा.
एक कटू गोष्ट. रिझर्व्ह बँकेच्या नियमांतलं संरक्षण मुख्यतः खातेदाराच्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांना आहे. स्वतः पिन टाकून पाठवलेले पैसे बँक सहसा भरून देत नाही. म्हणून पिन टाकण्याआधी स्क्रीनवरचं नाव वाचा. लष्करी अधिकारी एक आणि खातं भलत्याच माणसाचं, असं दिसलं की संपलं. अन् "रिफंडसाठी क्यूआर स्कॅन करा" कुणी म्हणालं तर फोन ठेवा. पैसे घ्यायला पिन लागत नाही.

बेदाणा_तासगाव
नावाचं बरोबर आहे साहेब, पण माझंही खातं आईच्या नावावर आहे. बाग तिची. गिऱ्हाईक दर वेळी विचारतं.

निवृत्त_बँकवाला
मग विचारायच्या आधीच सांगत जा. फर्मचं चालू खातं काढलंत तर आणखी बरं.

विश्रामबागकर
१९३० ला मास्तरांनी आज सकाळी केला, बऱ्याच उशिरा. माझं मत मात्र तेच आहे. तासगाव काय लांब नाही. मी स्वतः येतो, डोळ्यांदेखत तोलून घेतो, रोख देतो.

बेदाणा_तासगाव
या की काका. फक्त अर्ध्या किलोसाठी येऊ नका, पेट्रोल कुरिअरपेक्षा महाग पडेल.