जपानी तरुणांचं 'दात्सुमो' (अंगावरचे केस काढून टाकणं): आवड की दडपण?

निशिकासाईकर
आमच्या टीममधल्या चोवीस वर्षांच्या मुलाने लेझरने दाढी काढायला सुरुवात केलीय. सोमवारी हनुवटीवर लाल पुरळ घेऊन आला. विचारलं तर म्हणाला, "नीटनेटकं दिसायला हवं ना." लोकलमध्ये मान वर केली की याच जाहिराती. अंगावरच्या केसांना इथे शब्दच 'मुदागे', म्हणजे बिनकामाचे केस. नावातच निकाल लागलेला! ज्या वयात आपल्याकडे मिसरूड फुटलं म्हणून पोरं आरशासमोरून हलत नाहीत, त्या वयात ही मुलं ते जाळायला पैसे मोजतात. मला हे दडपणच वाटतं.

मुक्ता_ओसाका
अजिबात पटलं नाही. रोज सकाळी गाल सोलवटून घेणाऱ्याला सुटका हवी असेल तर दडपण कसलं? बाईने केस काढले की रीत, पुरुषाने काढले की चिंता! आणि हे तरुणांपुरतं नाही. 'काइगो दात्सुमो' ऐकलंय? म्हातारपणी कुणाला आपली शुश्रूषा करावी लागली तर स्वच्छता सोपी जावी, म्हणून जांघेतले केस आधीच काढून घेतात. पांढऱ्या केसांवर लेझर चालत नाही, म्हणून चाळिशी-पन्नाशीतच. माझी शेजारीण याचसाठी जाते. यात नखरा कुठे आहे?

नागोयाची_सून
पैशांचंही बोला. 1 एप्रिल 2022 पासून सज्ञान वय 20 वरून 18 झालं. आता अठराव्या वर्षी आईवडिलांना न विचारता दात्सुमोच्या करारावर सही करता येते. आठ दिवसांत तो रद्द करता येतो, हे किती पोरांना ठाऊक असतं? 2023 च्या डिसेंबरात दात्सुमोची एक मोठी सलून-साखळी बुडाली, सुमारे एक लाख गिऱ्हाइकं अडकली.

निशिकासाईकर
मुक्ताताई, शेजारणीचं पटलं. पण तुमच्याच ओसाकात मेट्रोच्या दोन चालकांना दाढी ठेवली म्हणून कामाच्या मूल्यमापनात खाली ढकललं होतं. 2019 मध्ये कोर्टाने ते बेकायदा ठरवलं आणि शहराला 4 लाख 40 हजार येन भरपाई द्यायला लावली. दाढी ठेवायला खटला लढावा लागतो, तिथे काढणाऱ्याची ती निव्वळ आवड कशी म्हणायची?

मुक्ता_ओसाका
पण चालक जिंकले ना! आणि 2020 मध्ये 'काई' या वस्तरे बनवणाऱ्याच कंपनीने जाहिरातीत काखेतले केस दाखवणारी मुलगी आणली, संगणकावर घडवलेली. बिनकामाचे आहेत की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं, असा मजकूर. ती बघून माझ्या लेकीने महिनाभर वस्तऱ्याला हात लावला नाही. मग एक दिवस आपणहून पुन्हा घेतला. दोन्ही वेळा मी काही विचारलं नाही.