व्हाय-व्हाय दर वेळी 'ऑपरेटरचा निष्काळजीपणा' इथेच का थांबतो?

सेकंडशिफ्ट_चाकण
सीएनसी टर्निंगची (संगणकावर चालणाऱ्या लेथची) लाईन, दोन शिफ्ट. लॉट रिजेक्ट झाला की व्हाय-व्हाय (एकामागून एक 'का' विचारत मूळ कारण शोधायचा फॉर्म) भरतो. तिसऱ्या 'का'ला उत्तर ठरलेलं: ऑपरेटरचा निष्काळजीपणा. कृती: समज दिली, ट्रेनिंग दिलं. थोड्या दिवसांनी तोच दोष परत. आता तर पोरं खराब पीस दाखवतच नाहीत. टीमला बोलतं कसं करायचं?

गेजवाला
निष्काळजीपणा हे मूळ कारण नव्हेच, खरी चौकशी तिथून पुढे सुरू होते. दोन साखळ्या वेगळ्या चालवा: दोष झाला का, आणि पकडला का गेला नाही.

समजा, इन्सर्ट (हत्याराचं बदलायचं कटिंग टोक) बदलल्यावर वेअर ऑफसेट (झिजेसाठी मशीनमध्ये टाकायची दुरुस्ती) ०.०५ ऐवजी ०.५ पडला. बोअर (पीसचं आतलं भोक) ०.४५ मिमीने मोठा. पहिली साखळी: मशीनच्या कंट्रोलने एवढा आकडा घेतलाच कसा? फॅनक कंपनीच्या कंट्रोलवर एका वेळी किती ऑफसेट टाकता येईल, याला पॅरामीटरमध्ये मर्यादा घालता येते. ती घातली आहे का बघा. दुसरी साखळी: इन्सर्ट बदलल्यावर पहिला पीस मोजायचा, असं कंट्रोल प्लॅनमध्ये (काय, कधी मोजायचं त्या तक्त्यात) लिहिलंय का? नुसतं 'तासाला एक पीस' असेल आणि मिनिटाला एक पीस निघत असेल, तर पकडला जाईपर्यंत ६० पीस संशयित. ऑपरेटर बदलून बघा, हेच होणार.

लाईनलीडर
वरचं बरोबर, पण मीटिंग कुठे आणि कशी घेता त्यावर सगळं आहे. कॉन्फरन्स रूममध्ये नको. त्याच शिफ्टमध्ये, मशीनपाशी, खराब पीस हातात घेऊन, १५-२० मिनिटं. ऑपरेटर, सेटर (मशीन लावून देणारा), क्वालिटीचा माणूस, बस्स. मॅनेजर आला तर त्याने शेवटी बोलायचं. तो आधी बोलला की बाकीचे माना डोलावतात. 'असं का केलंस?' विचारलं की माणूस बचावात जातो. 'दादा, तेव्हा स्क्रीनवर काय दिसत होतं?' विचारा. आणि त्या दिवशी मेमो नाही, हे आधीच सांगा.

मात्र न मोजताच रीडिंग भरलं असेल तर ती चूक नव्हे, लबाडी. तिचा रस्ता वेगळा. दोन्ही एकाच मापाने मोजलं तर नीट काम करणारेच चिडतात.

अँडन_बिंडन
मीटिंग कितीही गोड घ्या, बोर्डवर ऑपरेटरच्या नावापुढे रिजेक्शनचा आकडा लावत असाल तर खराब पीस गुपचूप भंगारातच जाणार. तो तक्ता आधी उतरवा.

टोयोटाच्या दोरीचं (अडचण आली की कामगाराने ओढायची, तिचं) कौतुक सगळे करतात, पण दोरी ओढली की लाईन लगेच थांबत नाही. आधी टीम लीडर धावत येतो. ठरलेल्या टप्प्यापर्यंत प्रश्न सुटला नाही तरच थांबते. आपल्याकडे दिवा लावतात आणि तो लागल्यावर कुणी फिरकत नाही. चार-सहा माणसांमागे एक मोकळा लीडर देता येत नसेल तर दिव्याचा खर्च वाचवा.

शिफ्ट बदलताना १० मिनिटं दोघंही मशीनवर हवेत: कुठला ऑफसेट हलवला, इन्सर्टवर किती पीस झाले, कुठली क्रेट होल्डवर आहे.

गेजवाला
एक राहिलं. हे सुरू केलं की नोंदवलेल्या दोषांचा आकडा आधी वाढेल. संशोधक एमी एडमंडसन यांना १९९० च्या दशकात हॉस्पिटलच्या टीम्समध्ये हेच आढळलं होतं: चांगल्या टीम्समध्ये नोंदलेल्या चुका जास्त, कारण तिथे लोक सांगत होते. प्लांट हेडच्या कानावर हे आधीच घाला, नाहीतर पहिल्याच रिव्ह्यूत सगळं गुंडाळलं जाईल. प्रगती बघायची तर ग्राहकाकडून परत आलेले पीस वेगळे मोजा.