चेक घरातले 'यजमान' : मराठीत कोणता शब्द?

मु. पो. ब्र्नो
नमस्कार. मी चेक प्रजासत्ताकात ब्र्नो शहरात शिकते. जुलैच्या सुट्टीत विद्यापीठाच्या ओळखीतून तेल्च नावाच्या छोट्या गावी एका चेक कुटुंबाकडे राहायला होते. आई, वडील, कॉलेजात जाणारा मुलगा आणि वरच्या मजल्यावर आजी. त्यांनी गाडीत घालून आसपासची गावं दाखवली : त्र्शेबीच, स्लावोनित्से, ताबोर, पार चेस्की क्रुम्लोव्हपर्यंत. सांगलीच्या माझ्या जुन्या कॉलेजच्या वार्षिकासाठी त्यावर लेख लिहायला घेतलाय आणि पहिल्याच ओळीला गाडी अडली आहे.

'माझे यजमान मला स्टेशनवर न्यायला आले होते' असं छापून आलं तर आमची भावकी लग्नाचे फोटो मागेल. 'घरमालक' म्हणावं तर मी भाडं देत नव्हते. 'होस्ट फॅमिली' सरळ ठेवता आलं असतं, पण चेकमध्ये 'होस्ट' म्हणजे पाहुणा! घर ज्याचं तो 'होस्तितेल'. म्हणजे इंग्रजीत ते होस्ट आणि त्यांच्या भाषेत मी होस्ट.

आणखी काही शब्द अडलेत. 'ह्राद' आणि 'झामेक' या दोन्हींना इंग्रजी पुस्तकं बऱ्याचदा किल्लाच म्हणतात, पण तिथली माणसं कधी गल्लत करत नाहीत. गावाच्या मधल्या मोकळ्या जागेला 'नामेस्ती' म्हणतात आणि तिच्या कडेने घरांच्या पुढे कमानींखालून जी वाट जाते ती 'पोद्लोउबी'. यांना मराठीत काय म्हणावं?

सदाशिव पेठी
'यजमान' शब्दात काहीही गैर नाही. यज् धातूचं हे आत्मनेपदी कृदन्त. 'यजति' म्हणजे दुसऱ्यासाठी यज्ञ करतो, तो ऋत्विज. 'यजते' म्हणजे स्वतःला फळ मिळावं म्हणून करतो, तो यजमान. खर्च त्याचा, दक्षिणा त्याने द्यायची, आलेल्यांचं जेवणखाण त्याच्याकडे. त्यावरून ज्याच्या घरी कार्य तो यजमान, आणि पुढे ज्याच्या घरी पाहुणे तो यजमान. नवरा हा अर्थ बराच नंतरचा. 'यजमान कुटुंब' लिहा आणि मोकळ्या व्हा.

खानदेशी
'कुटुंब' म्हणजे बायको ना हो? आमचे आजोबा 'आमच्या कुटुंबाला बरं नाही' म्हणायचे तेव्हा आजीच आजारी असायची. यजमान कुटुंब म्हणजे नवराबायको झालं.

मु. पो. ब्र्नो
😄 मग 'ती मंडळी' लिहू का?

खानदेशी
'मंडळी' पण बायकोच!

कोशात रमलेली
या विनोदात खरं म्हणजे एक चांगला मुद्दा दडलाय. घराच्या धन्याला मराठीत जितके शब्द आहेत ते सगळे नवराबायकोंनी पळवलेत. यजमान, धनी, घरधनी, मालक, कारभारी हे सगळे नवरे. कुटुंब, मंडळी, घरकरीण, कारभारीण, खटलं या सगळ्या बायका. कारण उघड आहे : एकमेकांचं नाव घ्यायचं नाही. मग 'हे', 'तिकडची स्वारी', 'आमच्या घरातून' असं आडवळणाने बोलणं आलं, आणि त्यासाठी हाताशी येईल तो घराचा शब्द वापरला गेला. एकदा तो अर्थ चिकटला की शब्द मूळ कामाला परत येत नाही. म्हणून 'माझे यजमान' आणि 'आमचे यजमान' या दोन्हींत आज नवराच ऐकू येतो, मूळ अर्थ व्युत्पत्तीने कितीही पक्का असला तरी. सदाशिव पेठींचं म्हणणं कोशात बरोबर आहे, कानाला नाही.

पण हे फक्त 'माझे', 'आमचे' लागलं की होतं. 'संमेलनाचे यजमान', 'यजमान संघ', 'यजमान संस्था' इथे कोणी नवरा शोधत नाही. तेव्हा 'माझे', 'आमचे' टाळा : 'तेल्चचे यजमान'. गावाला जोडा, स्वतःला जोडू नका.

प्रागकर जुना
मी इथे नोकरीनिमित्त बरीच वर्षं आहे. चेकमध्येही अशी गंमत सापडते. जुन्या भाषेत शेतकरी घरच्या कर्त्याला 'पान्ताता' म्हणत, शब्दशः 'साहेब-बाबा', बाईला 'पानीमामा'. आणि हेच शब्द सासरा आणि सासू यांच्यासाठीही. आता हे ऐकू येतात ते जुन्या गोष्टींत किंवा थट्टेत.

त्या 'होस्ट'बद्दल : चेक 'होस्ट', इंग्रजीतला 'गेस्ट' आणि लॅटिनमधला 'होस्तिस' एकाच मुळाचे. लॅटिनमध्ये होस्तिस आधी परका, पाहुणा आणि पुढे चक्क शत्रू झाला. इंग्रजी 'होस्ट' वेगळ्या वाटेने, 'होस्पेस'वरून आला, आणि त्या लॅटिन शब्दाला यजमान आणि पाहुणा असे दोन्ही अर्थ होते. तेव्हा तुझा गोंधळ जुनाच आहे. 'होस्पोदा' म्हणजे बिअरचा गुत्ता, तोही याच गोतावळ्यातला.

सदाशिव पेठी
पुण्यात विद्यार्थी वारावर जेवत तेव्हा 'ज्यांच्याकडे वार आहे ते' एवढंच म्हणायचे. सोमवार अमक्यांकडे, मंगळवार तमक्यांकडे. घर देणाऱ्याला वेगळं नाम मिळालंच नाही.

कोशात रमलेली
अगदी! नामच कशाला पाहिजे? मराठी अशा ठिकाणी '-कडे' वापरते. 'मी तेल्चला ज्यांच्याकडे उतरले होते ते स्टेशनवर न्यायला आले.' 'उतरणे' या क्रियापदात पाहुणेपण येतं, भाडं येत नाही, लग्न तर येतच नाही. मुक्काम लांबला असेल तर 'ज्यांच्याकडे राहायला होते'. जीव लागला असेल तर पुढे कुठेतरी 'त्यांच्याशी घरोबा झाला'. 'घरोबा' हा शब्द लोक विसरत चाललेत, या लेखात तो शोभेल.

मु. पो. ब्र्नो
'उतरले होते' आवडलं. पण लेखभर त्यांना 'ते' म्हणून चालणार नाही, त्या बाईंना काहीतरी म्हणायला हवं. तिथे काय झालं ते सांगते.

पहिल्या दिवशी मी त्यांना 'पानी' आणि पुढे आडनाव असंच म्हणत होते. ('पानी' म्हणजे श्रीमती. 'नी' तालव्य, 'ञी'कडे झुकणारा.) क्रियापद अर्थात आदरार्थी. दारात चपलांची टोपली होती, बाहेरचे बूट काढून त्यातल्या सपाता घालायच्या. हे आपल्यासारखंच म्हणून बरं वाटलं. आजी भेटायची तेव्हा 'दोब्री देन', मुलगा मात्र जिन्यावरूनच 'अहोय!' म्हणून ओरडायचा. मला पहिल्यांदा वाटलं, हा मला 'अहो' म्हणतोय, काय संस्कार आहेत! प्रत्यक्षात उलटं. 'अहोय' म्हणायचं ते ज्याला अरेतुरे करतो त्यालाच.

दोनचार दिवसांनी रात्री जेवण झाल्यावर बाईंनी स्लिव्होवित्से, म्हणजे आलुबुखारची दारू, बोटभर उंचीच्या ग्लासात ओतली, आपला ग्लास माझ्या ग्लासाला लावला आणि विचारलं, 'तिकात सी बुदेमे?' आपण एकमेकींना 'तू' म्हणूया का? मग स्वतःचं पहिलं नाव सांगितलं, जणू आत्ताच ओळख होतेय. मला ते नाव तोंडातून निघेना. आईच्या वयाच्या बाईला नुसत्या नावाने कसं हाक मारणार? तिने ओळखलं आणि म्हणाली, मग 'तेतो' म्हण. मूळ शब्द 'तेता', हाक मारताना 'तेतो'. तिथली मुलं आईबाबांच्या मित्रमैत्रिणींनाही तेता म्हणतात.

आता तेता म्हणजे आत्या, मावशी, काकू, मामी सगळंच. लेखात काय लिहू?

कोल्हापूरचा गडी
मावशी.

खानदेशी
मावशी नको, शहरात आता घरकामाच्या बाईंनाच लोक मावशी म्हणतात. काकू लिहा.

कोल्हापूरचा गडी
तुमच्या शहरात म्हणत असतील. आमच्याकडे मावशी म्हणजे आईची बहीण, आणि तिला 'तू' म्हणतात. काकूला 'तुम्ही'. ह्या बाईनं स्वतःहून 'तू' म्हण म्हटलंय. मग काकू कशी बसेल?

कोशात रमलेली
हे उत्तर चर्चेतलं सगळ्यात नेमकं आहे. आपल्याकडे कोण नातेवाईक यावरून तू-तुम्ही ठरतं. चेकमध्ये ते दोन माणसांमध्ये ठरवून घेतात. त्यासाठी त्यांच्याकडे क्रियापदंच आहेत ना? 'तिकात' आणि 'विकात', तंतोतंत आपलं अरेतुरे करणे आणि अहोजाहो करणे.

प्रागकर जुना
हो, आणि विचारायचं कोणी याचाही नेम आहे : वयाने मोठ्याने लहानाला, बाईने पुरुषाला, ऑफिसात वरच्याने खालच्याला. खालून वर विचारलं तर आगाऊपणा. एकदा 'तू' झालं की परत 'तुम्ही'वर जाणं म्हणजे भांडण झाल्याची जाहीर सूचना. व्याकरणातही एक बारकावा आहे. एका बाईला आदराने 'तुम्ही होता' म्हणायचं तर सहायक क्रियापद अनेकवचनी, पण कृदन्त एकवचनीच : 'बिला य्स्ते'. आदर अर्धाच. 'सासूबाई आल्या' असं तिसऱ्या माणसाबद्दलचं अनेकवचन आज त्यांच्याकडे नाही. एकोणिसाव्या शतकात मात्र 'ओनिकानी' होतं, म्हणजे समोरच्यालाच 'ते' म्हणायचं, जर्मन वळणाने. ते गेलं.

सदाशिव पेठी
समोर बसलेल्या नवऱ्याला 'त्यांना अजून भात वाढा' म्हणणाऱ्या आज्या आमच्याकडे होत्या. ओनिकानीच ते.

मु. पो. ब्र्नो
मावशी ठरली. कोल्हापूरकर, धन्यवाद. आता ह्राद आणि झामेक?

कोल्हापूरचा गडी
ह्राद म्हणजे गड. ऐकूनच कळतंय.

कोशात रमलेली
अर्थाने गड चालेल, पण ऐकून नातं जोडू नका. चेकमध्ये जुन्या 'ग'चा 'ह' झालाय. ह्राद म्हणजे बेलग्रेडमधला 'ग्रेड', मूळ अर्थ कुंपण घातलेली जागा. भाषाशास्त्रज्ञ त्याच मुळाशी संस्कृत 'गृह' जोडतात. तेव्हा ह्रादचा चुलतभाऊ शोधायचाच तर तो आपलं 'घर' आहे.

प्रागकर जुना
ह्राद लढाईचा : उंचावर, जाड भिंती, बुरूज. झामेक राहण्याचा : मोठ्या खिडक्या, बाग, दिवाणखाने. झामेकचा दुसरा अर्थ कुलूप. जर्मन 'श्लॉस'लाही हेच दोन अर्थ. क्रुम्लोव्हच्या पाटीवर 'ह्राद आ झामेक' असं दोन्ही लिहिलंय, कारण जुन्या गडाचाच पुढे महाल होत गेला. व्ल्तावा नदी खाली वळसे घेते आणि खंदकात अस्वलं पाळलीत. मराठीत गड आणि राजवाडा म्हणा. तेल्चचा तो नुसता राजवाडा. गावात 1530 साली मोठी आग लागली, पुढे झाखारियाश या सरदाराने राजवाडा इटालियन धाटणीने नवा केला, आणि लोकांनीही चौकातली घरं त्याच नमुन्याने बांधली.

सदाशिव पेठी
'गढी' का नको? खेड्यातल्या सरदाराची गढी.

प्रागकर जुना
गढीला मातीच्या भिंती आणि पडके बुरूज डोळ्यासमोर येतात. तेल्चच्या आत लाकडी कोरीव छत आणि सोनेरी दालन आहे.

मु. पो. ब्र्नो
राजवाडाच. नामेस्तीला 'चौक' चालेल का? माझ्या डोळ्यांसमोर चौक म्हटलं की चार रस्ते आणि मधे सिग्नल येतो. तेल्चची जागा तशी नाही. लांबोडकी, एका टोकाला निमुळती होत जाणारी, दोन्ही बाजूंनी पिवळी, गुलाबी, पोपटी घरं, प्रत्येकाचा माथा वेगळा. युनेस्कोच्या यादीत 1992 पासून आहे, क्रुम्लोव्हबरोबरच आली. मावशी तिथून जाताना कमानीखालूनच जायची, ऊन असो पाऊस असो, आणि प्रत्येक दुकानात शिरताना 'दोब्री देन' म्हणायची, काही घ्यायचं नसलं तरी.

खानदेशी
चौकच. वाड्याचा चौक आठवा की, चारी बाजूंनी घर आणि मधे मोकळं. सिग्नल नंतर आला.

फोर्टमधला कारकून
कमानींसाठी शब्द शोधू नका. मुंबईत दादाभाई नौरोजी रोडला तशाच आहेत. आम्ही 'कमानीखालून ये, भिजशील' म्हणतो. झालं.

कोशात रमलेली
+1. ओसरी, पडवी, सोपा हे घराचे भाग आहेत, तिथे परका माणूस चालत जात नाही.

मु. पो. ब्र्नो
शेवटचा : म्राकोतीन नावाचं एक ठिकाण तेल्चच्या शेजारीच आहे. तिथल्या ग्रॅनाइटचा एकसंध स्तंभ प्रागच्या गडाच्या अंगणात उभा आहे, म्हणून मावशी मुद्दाम घेऊन गेली. गावाच्या पाटीवर 'म्येस्तिस' असं लिहिलंय. शहर म्हणजे 'म्येस्तो', खेडं म्हणजे 'व्हेस्नित्से'. मग हे मधलं काय?

प्रागकर जुना
पूर्वी ज्या गावाला बाजार भरवायचा हक्क असे ते. साम्यवादी काळात ही पदवी बंद झाली होती, 2006 साली कायद्याने परत आली.

सदाशिव पेठी
कसबा! मौजे म्हणजे खेडं, कसबे म्हणजे पेठ असलेलं गाव. महसुली कागदांत अजून 'मौजे अमुक, कसबे तमुक' असतं. 'कसबे म्राकोतीन' लिहा, एका शब्दात बाजाराचा हक्क आला.

खानदेशी
आणि मग तेल्च? कसबे तेल्च?

प्रागकर जुना
नाही, तेल्च म्येस्तो आहे. लोकवस्ती पाच-सहा हजारांची का असेना, कागदोपत्री शहर. त्यांना कसबा म्हटलंस तर मावशी रागावेल.

मु. पो. ब्र्नो
ती रागावणार नाही, आजी रागावेल. 'शहर तेल्च' लिहिते.