मदत हवी आहे : क्रूझच्या केबिनमध्ये आईला फार उकडतं

नमस्कार मंडळी. आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारातले. मे महिन्यात आईला घेऊन मुंबई-गोवा क्रूझवर जातोय. आई 74 वर्षांची, तिला उकाडा अजिबात सोसत नाही. मागच्या वेळी दुपारी केबिनची नुसती भट्टी झाली होती. ओला पंचा मानेवर टाकून ती पलंगाच्या कडेला बसून राहिली, जेवलीही नाही. तो चेहरा अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. वारा यावा म्हणून मी बाल्कनीचं दार उघडं ठेवलं, तीच चूक झाली. दार उघडलं की एसी आपोआप बंद पडतो, हे केबिन आवरायला येणाऱ्या मुलाने नंतर सांगितलं.

या वेळी दार बंद आणि पडदे ओढलेले, एवढं पक्कं. गोव्याकडे जाताना जहाजाची उजवी बाजू पश्चिमेला येते, म्हणून डावीकडची केबिन घेतली. परतताना मात्र दुपारचं ऊन आमच्याच बाजूला. चार्जिंगचा छोटा पंखा नेऊ देतात, की तपासणीत काढून घेतात? खिडकी नसलेली आतली केबिन जास्त गार राहते का? म्हाताऱ्या माणसांना घेऊन कोणी गेलं असेल तर कृपया सांगा, केबिन बदलायला रविवारपर्यंतच मुदत आहे.